किमो लागू पडून राहिली का नाही हे पाहाले नागपूरचं ब्रेस्ट इमेजिंग सेंटर: ५ पैकी ४ स्टार

आधी स्टार सांगून टाकतो, ५ पैकी ४. एक कापला तो वेटिंगसाठी आन काउंटरवरच्या बोलण्यासाठी, बाकी डॉक्टर मॅडमच्या कामात खोट काढाले जागा नाही. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आन मले कोणासंग भांडण नाही पाह्यजे. धंतोली-रामदासपेठच्या पट्ट्यात स्तनाची सोनोग्राफी-एमआरआय करणारी अशी सेंटरं भरपूर आहेत, तुम्ही कुठंही गेले तरी काय मागून घ्यायचं काय पाहून घ्यायचं एवढं कळलं तरी या लिहिण्याचा उपयोग झाला.

हे ज्यांच्या घरी ब्रेस्ट कॅन्सर निघाला आन डॉक्टरनं सांगितलं की आधी किमो आन मंग ऑपरेशन, त्यायच्यासाठी आहे. आमच्या घरी आत्या. दारव्हा तालुक्यातलं खेडं, घरचा कापूस-तूर, वेचणीच्या दिवसात हाताले लागली गाठ आन ती म्हणे कापूस घरी येऊ द्या मंग पाहू, म्हणून दाखवाले उशीर झाला. डाव्या बाजूले वर काखेकडच्या भागात ४६ मिलिमीटरची गाठ, काखेत पण एक. बायोप्सीत हार्मोनवाले दोन्ही निगेटिव्ह आन एचईआर-टू (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह. गावात रोज एक जण येऊन विचारे, "कापून काहून नाही टाकत बावा एकदाचं, अंगात ठेवून किमो काय देता?" मामाजीले, म्हणजे आत्याच्या नवऱ्याले, पण तेच वाटे.

तर त्याचं असं आहे की आधी किमो दिली की गाठ लहान होऊ शकते, मंग पूर्ण स्तन काढायच्या जागी तेवढा भाग काढून भागते बऱ्याच जणींचं. दुसरं म्हणजे औषध लागू पडून राहिलं का नाही ते जिवंत दिसते, गाठ समोर आहे, मोजता येते. आधीच कापून टाकली तर मोजाले काही उरतच नाही, औषध आंधळ्यासारखं देत राहा. आन आधी किमो दिल्यानं जीव जास्त धोक्यात पडते असं पण नाही, अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेली एनएसएबीपी बी-१८ नावाची ट्रायल आहे, दीड हजारावर बाया होत्या त्यात, अर्ध्यांले किमो आधी अर्ध्यांले नंतर, जगण्यात फरक नाही पडला पण स्तन वाचवायचं ऑपरेशन आधी किमोवाल्यात जास्त झालं, ६० टक्क्याच्या जागी ६८. हे सगळं मले हॉस्पिटलच्या ज्युनिअर डॉक्टरनं सांगितलं आन मंग मी घरी येऊन मामाजीले समजावलं, तेव्हा कुठं ते शांत बसले.

पण मोजता येते असं म्हणणं सोपं, बरोबर मोजणारा माणूस भेटणं कठीण. आत्याच्या रिपोर्टच्या फायलीत दोन जागचे कागद आहेत, एक आमच्या इकडचा आन एक या सेंटरचा, आन दोन्ही शेजारी ठेवले की फरक कोणालेही दिसन.

झालं असं, दोन किमो झाल्या, लाल औषधवाल्या. पुढच्या किमोच्या आधी डॉक्टरनं सोनोग्राफी सांगितली. नागपूरले जाणं-येणं म्हणजे आख्खा दिवस जाते, आत्याले उलट्या चालू, म्हणून जवळच्याच एका सोनोग्राफीवाल्याकडं करून घेतली. रिपोर्ट आला, गाठ ४९ मिलिमीटर. पहिले ४६ होती. बस, घरात रडारड. मामाजी म्हणे औषध खोटं आहे, कोणी म्हणे आयुर्वेदिक करू, कोणी कोण्या बाबाचा पत्ता घेऊन आला. त्या रिपोर्टात जुन्या मापाचा शब्द नाही, कोणत्या दिशेनं मोजलं ते नाही, फोटो एकच आन तो पण काळाकुट्ट.

तोच कागद घेऊन या सेंटरले गेलो. मॅडमनं सगळ्यात आधी कागद बाजूले ठेवला आन स्वतःच्या कॉम्प्युटरवर किमोच्या आधीचे फोटो काढले, कारण पहिली सोनोग्राफी त्यायनीच केली होती. मंग तोच कोन, स्तन घड्याळासारखं धरलं तर किती वाजताच्या जागी, निप्पलपासून किती सेंटिमीटर, तिथंच प्रोब ठेवून मोजलं. ३८ आलं. मले स्क्रीनवर दोन्ही फोटो बाजू-बाजूले लावून दाखवले. म्हणे बायोप्सीनंतरची सूज आन गाठीची सावली असं सगळं धरून तिकडं आडवं मोजलं असन, चूक म्हणता येणार नाही पण तुलना नाही करता येत.

आन दुसरी गोष्ट सांगितली ती तर मी पुढं वॉर्डात किती तरी लोकांले सांगितली. म्हणे समजा ४९ खरं धरलं तरी ते वाढ नाही म्हणत. मोजायचे जगभर नियम ठरलेले आहेत, रेसिस्ट (RECIST) म्हणतात त्यायले, आत्ता चालते ती २००९ ची आवृत्ती आहे. त्यात सगळ्यात लांब माप धरायचं, ते ३० टक्के किंवा जास्त कमी झालं तर औषध अर्धवट लागू पडलं असं म्हणायचं, २० टक्के वाढलं आन कमीत कमी ५ मिलिमीटर वाढलं तरच बिमारी वाढली म्हणायचं, मधातलं सगळं जैसे थे. ४६ चे ४९ म्हणजे ३ मिलिमीटर, हात बदलला तरी एवढा फरक पडते. ते नियम पण सीटी-एमआरआय धरून लिहिले, सोनोग्राफीवर भरवसा कमीच ठेवला त्यात, कारण करणारा बदलला की माप बदलते. म्हणजे ज्या ३ मिलिमीटरपायी आमच्या घरी चूल नाही पेटली ते ३ मिलिमीटर हिशोबातच नव्हते.

मॅडमनं खोटा दिलासा पण नाही दिला हे मले लय आवडलं. ४६ चे ३८ म्हणजे १७ टक्के, म्हणे कागदावर मी अजून जैसे थेच लिहीन, पण दिशा बरोबर आहे, किमो चालू ठेवा, पुढचं तुमचे किमोवाले डॉक्टर ठरवतील. चार किमो झाल्यावर परत गेलो तेव्हा ३१. आता ३० टक्क्याच्या वर उतरली. रिपोर्टात तिन्ही तारखांचे तिन्ही माप एका तक्त्यात, काखेतल्या गाठीचं वेगळं (काखेतल्या गाठीचं लांब नाही, आखूड माप धरतात, १० मिलिमीटरच्या खाली आली की साधी समजतात). असा तक्ता मी दुसरीकडच्या एकाही रिपोर्टात नाही पाह्यला, लोकांच्या फायली पण वेटिंगमध्ये बसल्या-बसल्या पाह्यल्या मी, नुसतं "बरीच कमी झाली आहे" लिहून मोकळे. बरीच म्हणजे किती? सोयाबीनच्या भावाले पण आकडा लागते.

एवढ्या एका तक्त्यासाठी मी दोन स्टार देतो.

आता क्लिपबद्दल, कारण यावरूनच लोकायले वाटते की सेंटरवाले पैसे उकळते. किमो सुरू व्हायच्या आधीच मॅडम म्हणे गाठीत एक क्लिप टाकून घ्या आन काखेतल्या गाठीत पण एक. टायटॅनियमची, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. माझा चुलतभाऊ सोबत होता, तो बाहेर येऊन म्हणे, "पाह्य, लागले धंद्याले." क्लिपचे पैसे वेगळे, आन महात्मा फुले योजनेत नाही बसली आमची, बाहेरची तपासणी म्हणून खिशातूनच गेले. कुरकुर करून भरले. ती आत सोडतात ते जागा बधिर करून सोनोग्राफीत पाहून सुईतून, दहा-पंधरा मिनिटाचं काम, आन लगेच एक मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करून पाहतात की जागेवर बसली का नाही.

कशासाठी? तर एचईआर-टू वाली गाठ आन तिन्ही निगेटिव्हवाली (दोन्ही हार्मोन आन एचईआर-टू निगेटिव्ह) गाठ, या दोन प्रकारात किमोनं गाठ पूर्ण विरघळून जायची शक्यता चांगली राहते. मंग सर्जन कापन कुठं? हाताले लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, आन मूळ जागा तर काढावीच लागते. तेव्हा ती क्लिपच सांगते इथं होती म्हणून. आत राहिली तरी काही करत नाही, एमआरआय पण चालते तिच्यासंग. ज्या हॉस्पिटलात क्लिप परवडत नाही तिथं ऑपरेशनात लागते ती साधी धातूची क्लिप वापरतात, किंवा चामडीवर गोंदून खूण करतात, असं पण ऐकलं, काहीच न करण्यापेक्षा ते बरं. फक्त गाठ लहान व्हायच्या आधी करा, एकदा गायब झाली की टाकाले जागाच सापडत नाही. आत्याच्या वेळी पुढं काय झालं ते वाचा मंग कळन की चुलतभाऊ आता तोंड का उघडत नाही.

लाल औषधाच्या चार झाल्यावर दर आठवड्याले पॅक्लिटॅक्सेल आन त्याच्यासंग ट्रास्टुझुमॅब, म्हणजे एचईआर-टू वरचं औषध. याच्या मधात हाताले गाठ लागणं बंद झालं. आत्या खूश, म्हणे, "बापू, आता नको ते ऑपरेशन, देवानं नेली गाठ." खरं सांगतो, आम्हाले सगळ्यायलेच तसं वाटलं. शेवटच्या डोसनंतर एमआरआय सांगितला, तो पण इथंच केला.

एमआरआयचा अनुभव जरा सविस्तर लिहितो कारण गावच्या बायकायले त्याचीच जास्त भीती. आधी रक्ताची क्रिएटिनीनची तपासणी मागतात, कारण शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात, किडनी बरोबर पाह्यजे. ती तपासणी गावाकडूनच करून न्या, नाहीतर तिथं दिवस जाते. अंगावरचं सगळं काढा म्हणते. मंगळसूत्र काढाले आत्या तयार नव्हती, तिथल्या सिस्टरनं स्वतःच्या ओढणीत बांधून तिच्यासमोर माझ्या हातात दिलं तेव्हा मानली. जोडवे तर निघतच नव्हते, पंचवीस-तीस वर्षं बोटात, किमोनं पाय सुजलेले, शेवटी साबणाचं पाणी लावून सिस्टरनं खाली बसून काढले. एवढ्या सिस्टरसाठी पण एक स्टार वेगळा द्या बाप्पा. पालथं झोपवतात, छातीखाली दोन खोलगट जागा राहतात, हालाचं नाही, अर्धा तास ठोकाठोकीचा आवाज. शीर सापडाले वेळ लागला कारण किमोनं शिरा बसतात, आन ज्या बाजूची गाठ त्या हाताले सुई लावू देऊ नका, हे आत्यानंच त्यायले सांगितलं, तिले हॉस्पिटलवाल्यानं पाठ करून दिलं होतं.

ते औषध का देतात ते विचारलं तर मॅडम म्हणे कॅन्सरले नव्या रक्तवाहिन्या फुटते, त्या गळक्या राहते, औषध लवकर झिरपते तिथं आन ती जागा चमकते. किमोनं पेशी मेल्या, वाहिन्या गेल्या, की चमक जाते. म्हणून किमोनंतर काय उरलं ते पाहाले एमआरआय हा हात, मॅमोग्राफी आन सोनोग्राफी या तिन्हीपेक्षा बरा. मॅमोग्राफीत तर एक मोठी भानगड राहते, चुन्याचे बारीक ठिपके असले तर कॅन्सर मेला तरी ठिपके तसेच राहते, पाहणाऱ्याले वाटते काही फरकच नाही पडला.

पण एमआरआय पण देव नाही. टॅक्सेनवाल्या औषधानं (पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच) वाहिन्यांवर असा असर होते की थोडा कॅन्सर जिवंत असला तरी चमकत नाही, म्हणजे माप कमी येते. उलट कधी किमोनंतरचा व्रण चमकते, माप जास्त येते. आन गाठ कशी लहान होते त्यावर पण आहे. आमच्या गावचा तलाव उन्हाळ्यात काठाकाठानं आटत मधात येते ते एक, आन दुसरं म्हणजे मधात-मधात आटून डबकी-डबकी उरते. पहिल्या प्रकारात माप बरोबर येते, दुसऱ्यात लांबी तेवढीच दिसते पण आतला माल कमी झालेला राहते, किंवा बारकी डबकी दिसतच नाही. हार्मोन पॉझिटिव्हवाल्या गाठीत हे डबक्यावालं जास्त होते, त्यायच्यात एमआरआयचा अंदाज पण जास्त चुकते आन गाठ पूर्ण जायचं प्रमाण पण कमीच राहते. तेव्हा शेजारच्या बेडवरच्या बाईची गाठ गायब झाली आन आपल्या बाईची अर्धीच झाली म्हणून जीव काढू नका, प्रकार वेगळा असू शकते.

आत्याचा एमआरआय: चमकणारी गाठ नाही, क्लिप जागेवर, काखेतली गाठ साध्या मापात. रिपोर्टाच्या खाली मॅडमनं साफ लिहिलं की इमेजिंगमध्ये पूर्ण प्रतिसाद, पण उरलेली सूक्ष्म बिमारी नाकारता येत नाही. आत्याले समोर बसवून मराठीत सांगितलं, "मावशी, मशीनले दिसत नाही म्हणजे नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, ते फक्त काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा डॉक्टर सांगते. ऑपरेशन टाळू नका." आत्या काही बोलली नाही, पण हॉस्पिटलची तारीख तिनंच विचारली. ऑपरेशन शेवटच्या किमोनंतर तीन ते सहा आठवड्याच्या मधात होते सहसा, लय लांबवू नये, हे पण तिथंच कळलं.

ऑपरेशनच्या सकाळी परत याच सेंटरले. हाताले काही लागत नाही तर सर्जनले वाट दाखवाले बारीक तार घालतात, टोकाले हूक, ते क्लिपच्या जागी नेऊन बसवतात, वरचं टोक बाहेर, त्यावर गॉज आन कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी. तसंच रिक्षात बसवून आत्याले हॉस्पिटलात नेलं, प्रत्येक खड्ड्याले मी रिक्षावाल्याले ओरडलो. आन मंग दुपारी ओटीतून बोलावणं आलं, हातात एक डबा दिला, वर चिठ्ठी, म्हणे हा तुकडा त्या सेंटरले नेऊन मॅमोग्राफीत फोटो काढून आणा, पेशंट टेबलवर आहे. राजेहो, पंचशील चौकाचा ट्रॅफिक, मांडीवर डबा, डब्यात काय आहे ते रिक्षावाल्याले सांगायची सोय नाही. पण सेंटरनं इथं खरं काम दाखवलं, फोन आधीच गेला होता, काउंटरवाली बाई जी एरवी मान वर करत नाही ती दारात उभी होती, मले थांबवलंच नाही, डबा घेतला आन सरळ आत. फोटोत तार दिसे आन क्लिप बरोबर मधात, चारही बाजूनं मार्जिन (भोवतीची मोकळी कड). मॅडमनं सर्जनले फोनवर सांगितलं, बाहेर येऊन मले पण दाखवलं. क्लिप नसती तर त्या तुकड्याच्या फोटोत पाहाले काय होतं?

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: मूळ जागी ४ मिलिमीटर कॅन्सर शिल्लक, काखेतल्या सगळ्या गाठी साफ, मार्जिन साफ. म्हणजे हाताले नाही लागत, सोनोग्राफीले नाही, एमआरआयले नाही, आन तरी होता. देवानं नेली म्हणून घरी बसलो असतो तर तो तिथंच राहिला असता.

यात सेंटरचा दोष मी धरत नाही, त्यायनी आधीच लिहून दिलं होतं. आन हा ४ मिलिमीटर सापडल्याचा फायदा पण झाला. काहीच उरलं नाही तर डॉक्टर लोक पीसीआर म्हणतात, स्तनात आन काखेत दोन्हीकडं पसरणारा कॅन्सर शून्य, तो सगळ्यात चांगला निकाल, त्यातही एचईआर-टू आन तिन्ही निगेटिव्हवाल्यांत त्याचा भविष्याशी संबंध जास्त पक्का. उरला तर किती उरला त्याचे वर्ग आहेत, आरसीबी शून्य ते तीन, आत्याचा एक, म्हणजे थोडकाच. आन उरलेला असला की पुढचं औषध बदलतात. एचईआर-टू वाल्यायले ट्रास्टुझुमॅबच्या जागी टी-डीएम-वन (ट्रास्टुझुमॅबलेच किमोचं औषध जोडलेलं), कॅथरिन नावाच्या ट्रायलचा निकाल २०१९ मध्ये छापून आला त्यात बिमारी परत यायचा धोका जवळपास अर्धा झाला. एचईआर-टू निगेटिव्ह असून उरलेला असला तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, क्रिएट-एक्स म्हणून २०१७ चा अभ्यास आहे, फायदा तिन्ही निगेटिव्हवाल्यात जास्त दिसला. म्हणजे हे मोजमाप नुसतं खूश व्हाले नाही, त्यावर पुढचा सगळा इलाज ठरते, म्हणूनच मी या सेंटरच्या मागं एवढं लिहून राहिलो.

आता शिव्या. वेटिंग भयंकर. टोकन १०.३० चं, नंबर लागते दीड-दोनले. हॉल लहान, खुर्च्या कमी, त्यात ताप-खोकलेवाले पण बसलेले, आन किमोचा पेशंट म्हणजे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, त्यायले अशा गर्दीत बसवणं म्हणजे धोका. मी दोनदा सांगितलं की किमोवाल्यायसाठी वेगळा कोपरा करा, उत्तर नाही. आत्याले मास्क लावून बाहेर जिन्यात बसवत जाये मी. यावर एक उपाय, पुढच्या किमोच्या दोन-तीन दिवस आधीची अपॉइंटमेंट घ्या, तोपर्यंत पेशी बऱ्यापैकी भरलेल्या राहते आन डॉक्टरले पण माप तेव्हाचंच पाह्यजे असते. किमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात शक्यतो नेऊ नका.

काउंटरवर भर हॉलमध्ये ओरडतात, "ब्रेस्टवाली पेशंट कोण आहे?" खेड्यातून आलेली बाई, डोक्यावर केस नाही म्हणून पदर घट्ट धरलेली, ती काय हात वर करन? आत्या पहिल्या वेळी उठलीच नाही, नंबर मागं गेला. भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नाही म्हणून एवढा मोठा बोर्ड, बाजूले एक छोटा बोर्ड हळू बोला म्हणून पण लावा. सीडीचे पैसे वेगळे घेतात आन सांगत पण नाही की सीडी घ्या, आपण मागितली तरच. मागाच. रिपोर्टचा कागद हरवला तर परत भेटते, फोटो नाही भेटले तर दुसरा डॉक्टर तुलना कशाशी करन? पीडीएफ व्हॉट्सॲपवर देतात पण त्यात फोटो चिमणीएवढे. आन रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, मॅडमले विचारलं तर मराठीत सांगतात, नाही विचारलं तर कोणी सांगत नाही, म्हणून विचारा, लाजू नका. एमआरआयच्या दिवशी लिफ्ट बंद होती, सुजलेल्या पायानं दोन माळे. स्वस्त नाही, आमच्या इकडच्या सोनोग्राफीच्या दुपटीवर घेतात.

वेटिंगमध्ये तुकडोजीचे, मेडिकलचे, जामठ्याचे, सावंगीचे, सेवाग्रामचे असे नागपूर-वर्ध्याकडच्या सगळ्या हॉस्पिटलांचे पेशंट भेटले. त्यातल्या बऱ्याच हॉस्पिटलात मॅमोग्राफी-एमआरआय आतच होते, महात्मा फुले योजनेत असाल तर आधी तिथंच विचारा, उगाच खिसा रिकामा करू नका. फक्त एकदा जिथं सुरू केलं तिथंच शेवटपर्यंत करा, मधात जागा बदलू नका, अगदीच बदलावी लागली तर जुने फोटो सोबत न्या. आन रिपोर्ट हातात आला की आधी मिलिमीटर शोधा, नसले तर तिथंच उभं राहून मागा.

पार्किंग नाहीच, गाडी न्याल तर लांब लावून चालत या. आम्ही लालपरीनंच जात होतो, बायकायले अर्धं तिकीट आहे, सकाळची पहिली धरली की टोकनच्या वेळेवर पोचते. आन समोरच्या टपरीवरचे तर्री-पोहे एक नंबर आहेत पण किमोवाल्या पेशंटले खाऊ घालू नका, तोंड आलेलं राहते, तर्री झोंबते. तिच्यासाठी घरून दहीभात न्या, पोहे सोबतच्यानं खा.